तोंड हलतं म्हणून गुटख्याची नोटीस

प्रश्न : गंगाखेड तालुक्यातल्या एक ताई लिहितात, "आमचे मालक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. १२ वर्षांपासून खासगी मानसोपचार डॉक्टरांची हॅलोपेरिडॉलची गोळी चालू आहे. गेल्या वर्षापासून जबडा चघळल्यासारखा हलतो, जीभ मधूनच बाहेर येते. आता नोटीस आली : 'वर्गात गुटखा खाता, ७ दिवसांत खुलासा करा.' नोकरी जाईल का? डॉक्टरांवर केस करावी का?"

उत्तर : ताई, आधी खुलासा, डॉक्टरांचं नंतर बघू. आणि रागाच्या भरात गोळी बंद करू नका. ती एकदम तोडली तर हालचाल वाढू शकते, मूळ आजारही उलटू शकतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हे टार्डिव्ह डिस्कायनेशिया दिसतं. या गोळ्या मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवतात. वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींच्या जिभेला, ओठांना असं वळण लागतं. झोपेत ते थांबतं. पण नक्की काय ते न्यूरॉलॉजिस्टने लिहून द्यायला हवं, माझ्या म्हणण्याला शाळेत किंमत नाही. दाखल्यात 'औषधाच्या दुष्परिणामामुळे अनैच्छिक हालचाल' एवढं पुरे. मूळ आजाराचं नाव गावभर व्हायची गरज नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ते गुप्त ठेवण्याचं बंधन डॉक्टरांवर आहे. सोबत दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, की तोंडात गुटख्याची खूण नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे हा आरोप हलक्यात घेऊ नका. खुलासा लेखी द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या.

नोकरीचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २०(४) वाचा. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, हुद्दाही खाली आणता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरी जागा द्यावी लागते. त्यासाठी यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज आत्ताच भरा. रविंदर कुमार धारीवाल प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजार असलेल्या कर्मचाऱ्यावरची शिस्तभंगाची कारवाई भेदभाव ठरवली. पण तो निकाल लिहिला की आजार मानसिक आहे हे उघड होतं, म्हणून गरज पडली तरच पुढे काढा.

आता डॉक्टर. दुष्परिणाम झाला म्हणजे हयगय झाली, असं कोर्ट मानत नाही. प्रश्न असा, की धोका कधी सांगितला का? जबडा हलतोय म्हटल्यावर तपासलं, डोस बदलला, की तीच चिठ्ठी पुढे ओढली? मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २२ ज्ञात दुष्परिणाम समजेल अशा भाषेत कळण्याचा हक्क देतं. तो कायदा २०१८ पासून लागू आहे, म्हणजे त्यानंतरच्या चिठ्ठ्या जास्त कामाच्या. कागद लेखी मागा. नियमाने ७२ तासांत द्यावे लागतात. ग्राहक आयोगाला मुदत २ वर्षांची, म्हणून तोंड पहिल्यांदा हललं तो महिना आठवून लिहून ठेवा. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत हाती आल्याशिवाय मी तरी ही केस दाखल करणार नाही.

नोटीस हातात कधी पडली, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ७ दिवस संपत आले असतील तर दाखल्यासाठी थांबू नका, मुदतवाढीचा अर्ज उद्या सकाळी मालकांच्या सहीने द्या.