आजींच्या वडिलांच्या स्की

प्रश्न: आम्ही चार वर्षं ओस्लोत राहतोय. शेजारच्या आजींनी घर आवरताना त्यांच्या वडिलांच्या लाकडी स्की आम्हाला दिल्या. खालून काळ्या पडल्यात, डांबरासारखा वास येतो, एकीला मधेच पत्र्याचा तुकडा ठोकलाय. नवरा म्हणतो घासून व्हार्निश मारू आणि हॉलमधे लावू. मुलीला शाळेतही न्यायच्यात. काय करावं?
– एक वाचक, ओस्लो

उत्तर: ताई, घासू नका. व्हार्निश तर अजिबात नको. तो काळेपणा म्हणजे मळ नाहीये, पाइनच्या लाकडापासून काढलेलं डांबर आहे ते, लाकडात पाणी शिरू नये म्हणून तळाला गरम करून चोपडायचे, वास त्याचाच. घासलं की तेच आधी जाईल.

आणि पत्रा काढू नका बरं का! तुमच्याच नॉर्वेत दिगरवार्डन डोंगरावर बर्फ वितळला तेव्हा 2014 साली एक स्की मिळाली, साधारण 1300 वर्षांपूर्वीची, आणि जोडीतली दुसरी 2021 मधे तिथून जेमतेम पाच मीटरवर, पाय अडकवायचे बर्चच्या पिळलेल्या फांद्यांचे बंद आणि चामड्याचा पट्टा अजून जागेवर. दोन्ही स्की एकसारख्या नाहीत आणि त्यांच्यावर दुरुस्तीच्या खुणा आहेत. त्या खुणांवरूनच तर कळलं की कुणीतरी त्या भरपूर वापरल्यात, मोडल्या तरी टाकून दिल्या नाहीत. तुमच्या पत्र्याचं पण तेच.

चांगल्या मनाने केलेलं पण कसं अंगाशी येतं बघा. नॉर्वेतच त्रो बेटावर खडकात कोरलेला स्की करणारा माणूस आहे, हजारो वर्षं जुना, 1994 च्या लिलेहॅमर ऑलिंपिकच्या चिन्हांना त्याच्यावरूनच कल्पना सुचली. 2016 मधे काही मुलांनी चित्र नीट दिसावं म्हणून त्याच्या रेषा परत खरवडल्या. मुळची रेघ गेली ती गेलीच, मला अजून वाईट वाटतं.

तुम्ही फक्त मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. भिंतीला लावायच्या तर लावा, पण लाकडाला खिळा न मारता, आणि हीटरच्या वर किंवा थेट उन्हात नको, लाकूड तडकतं. बूट अडकवायची जागा बघा, तिथे तीन बारीक टोकं वर आलेली असतील तर तो रोटेफेला नावाचा बंद, शब्दशः उंदराचा सापळा, ब्रोर विथने 1927 च्या सुमारास काढलेला. मग बंद तरी त्यानंतरचाच, स्की कदाचित त्याआधीच्या असतील. लाकडावर कुठे कारागिराचा शिक्का असेल तर जवळून फोटो काढा, तळ आणि टोकं पण.

मुलीला होल्मेनकोलनच्या स्की म्युझियममधे न्या, 1923 पासूनचं आहे, स्कीचं जगातलं सगळ्यात जुनं म्युझियम, तुमच्याच शहरात. पण त्याच्याही आधी आजींकडे जा. मुलीलाच प्रश्न विचारू दे, मोबाइलवर रेकॉर्ड करा, नॉर्वेजियनमधेच बोलू दे त्यांना. वडील यावरून शाळेत जायचे की लाकडं आणायला, कुठल्या गावात, किती वर्षं. मग नाव, गाव, साल कागदी चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून सुती दोऱ्याने स्कीला बांधा, स्टिकर चिकटवू नका. रेकॉर्डिंगची एक कॉपी आजींच्या घरच्यांना पण द्या.

आणि तो पत्रा कोणी ठोकला, स्की मोडली कुठे, हे नक्की विचारा. कळलं की आम्हालाही लिहा.