दहावीतली मुलगी सतत चिडचिड करते, झोपही नीट लागत नाही. धावण्याने फरक पडेल का? सुरुवात कशी करावी?

पडू शकतो, पण वेग हळू ठेवला तरच. बहुतेक मुलं पहिल्याच दिवशी धाप लागेपर्यंत पळतात, दुसऱ्या दिवशी नडग्या दुखतात आणि आठवड्याभरात बूट कोपऱ्यात जातात.

एक दिवसाआड, आठवड्यातून ३ दिवस पुरे. आधी ५ मिनिटं भरभर चालणं, मग १ मिनिट धावणं आणि २ मिनिटं चालणं असं ८ वेळा. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त होतोय. दोन आठवड्यांनी धावणं २ मिनिटं करा. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचं मैदान बरं. पहाटे उठवून झोप मात्र तोडू नका, या वयात ८ ते १० तास लागतातच.

अंतर आणि वजन विचारत बसू नका, तिला ती आणखी एक परीक्षा वाटेल. त्यापेक्षा सोबत पळा. शेजारी चालताना, नजरेला नजर नसताना, मुलं मोकळी होतात. जेवण कमी करून पळणं वाढलं किंवा पाळी चुकू लागली तर थांबवा, डॉक्टरांना दाखवा.

उदासी दोन आठवडे हटली नाही तर नुसत्या धावण्यावर विसंबू नका, समुपदेशक गाठा. स्वतःला इजा करण्याचं बोलली तर तिला एकटं सोडू नका आणि लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आणि २४ तास सुरू असते.