वाचक विचारतात : एक शरीर, अनेक अवयव

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात सध्या बायबलमधली, ख्रिस्ती प्रेषित पौलाची पत्रे चालू आहेत. करिंथ या ग्रीक शहरातल्या लोकांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समुदायाला, 'ख्रिस्ताचे शरीर' म्हटले आहे. बहुतेकांना लगेच पुरुषसूक्त आठवले. दोन्हींचा आशय एकच का? अशा रूपकातून नव्या समाजाची ओळख कशी घडते?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आठवणे साहजिक आहे, पण आशय एक नाही. पुरुषसूक्तात (ऋग्वेद १०.९०) पुरुषाच्या मुख, बाहू, मांड्या, पाय यांच्याशी चार वर्णांचे नाते जोडले आहे, विषय सृष्टीच्या उत्पत्तीचा. पौलापुढचा प्रश्न पंगतीचा होता. इ. स. ५५च्या सुमारास करिंथच्या मंडळीत 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा', 'मी केफाचा' (म्हणजे पेत्राचा) असे एकेका प्रचारकाच्या नावाने तट पडले होते. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ होणाऱ्या सामूहिक भोजनाला, काही जण आधीच खाऊन-पिऊन तर्र, तर काही उपाशी. ही तक्रार अकराव्या अध्यायात आहे, शरीर बाराव्यात. बारावा अध्याय सुटा वाचला की त्याचे गुळगुळीत सुभाषित होते. ११:१७ (अध्याय ११, वचन १७) पासून सलग वाचा.

तुलनाच करायची तर रोमन गोष्टीशी करा. इतिहासकार लिव्ही सांगतो, इ. स. पू. ४९४ मध्ये सामान्य जनता रुसून रोम शहराबाहेर जाऊन बसली, तेव्हा वरच्या वर्गाच्या वतीने मेनेनियस अग्रिप्पाने तिला ऐकवले : हात, तोंड, दात यांनी पोटाविरुद्ध संप केला आणि सगळे शरीरच खंगले. मतलब उघड आहे, वरच्यांशी भांडू नका. पौल शरीर तेच घेतो, पण कानउघाडणी वरच्यांची करतो. मस्तकाने पायांना 'तुमची गरज नाही' म्हणायचे नाही; दुबळे वाटणारे अवयवच आवश्यक, कमी मानाच्यांना जास्त मान. त्याच अध्यायात दास आणि स्वतंत्र एकाच शरीरात आले आहेत. शहरात ज्याला कोणी विचारत नव्हते, त्याला इथे जागा मिळाली. ओळख घडली ती अशी.

अर्थात रूपक कोणाच्याच मालकीचे राहत नाही. करिंथच्या पत्रात मस्तक हा इतरांसारखाच एक अवयव; इफिसकरांस पत्रात ख्रिस्त स्वतः मस्तक. पहिल्या शतकाच्या अखेरीस करिंथकरांनी मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, पदावरून काढले, तेव्हा रोमच्या मंडळीने पाठवलेल्या पत्रात (क्लेमेंटचे पहिले पत्र) हेच शरीर येते, जोडीला सैन्याची शिस्त. आता ते आज्ञापालन शिकवू लागते. म्हणून वहीत तीन रकाने आखा : कोण बोलतो, कोणाला, आणि माघार कोणी घ्यायची. तिसरा रकाना भरला नाही, तर रूपक अजून कळलेले नाही.

प्रश्न : ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. या देवाचा पौलाशी काही संबंध?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मूर्तीचा नाही, देवाचा आहे. करिंथजवळच्या इस्थमियाला पोसायडनचे मंदिर होते आणि तिथे दर दोन वर्षांनी खेळ भरत. पौल नवव्या अध्यायात (९:२४-२७) धावण्याचे, मुष्टियुद्धाचे आणि 'नाशवंत मुकुटा'चे दाखले देतो, ते करिंथकरांच्या ओळखीचेच. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा मिळते. तिथल्या विजेत्याच्या डोक्यावर पाइनच्या किंवा सेलरीच्या पानांचा मुकुट चढे.