फॉलोइंग एरर येतेय? ड्राइव्ह बदलण्याआधी हॅलस्कोप नीट लावा

तुम्ही लिहिलंय की भोसरीतल्या सीएनसी राउटरवर (कटिंग मशीनवर) लिनक्ससीएनसी हे कंट्रोल सॉफ्टवेअर आणि पीसीला इथरनेटने जोडलेला मेसाचा ७आय७६ई बोर्ड आहे, मोटर साध्या स्टेपर आहेत, आणि अधूनमधून 'जॉइंट ० फॉलोइंग एरर' (पहिल्या अक्षाची सांगितलेली जागा आणि मोजलेली जागा यांत मर्यादेबाहेर फरक) येऊन जॉब मधेच थांबतो. हॅलस्कोपवर, म्हणजे लिनक्ससीएनसीतल्या सिग्नलचे ग्राफ दाखवणाऱ्या स्कोपवर, सगळं ठीक दिसतं, पुरवठादार मोटर चालवणारा ड्राइव्ह बदला म्हणतोय. कृपया अजून ड्राइव्ह घेऊ नका.

आमच्याकडेही हेच दुखणं होतं. एका सर्व्हिस विभागाने एकही ग्राफ न मागता आधी ड्राइव्ह आणि मग मोटर बदलायला लावली. एरर होती तिथेच राहिली. अशा जोडणीत ड्राइव्हचा या एररशी संबंधच येत नाही, आणि एवढी गोष्ट त्यांना माहीत असायला हवी होती. एन्कोडर (मोटरची खरी जागा मोजणारा सेन्सर) परत कंट्रोलला जोडलेला नसेल तर फीडबॅक म्हणजे बोर्डाच्या स्टेपजेनने (पल्स तयार करणाऱ्या भागाने) स्वतः सोडलेल्या पल्सची मोजणी. मोटर जागेवर अडकली, स्टेप चुकल्या, तरी एफ-एरर, म्हणजे जागेतला फरक, हलणार नाही. ड्राइव्हच्या फॉल्टची वायर घेतली असेल तर येणारा मेसेज वेगळा असतो, अ‍ॅम्प्लिफायर फॉल्टचा. म्हणजे मुख्य संशयित दोन: स्टेपजेनच्या मर्यादा, किंवा पीसी आणि बोर्ड यांच्यातलं इथरनेट.

आता स्कोप. थ्रेड (ठरावीक वेळाने चालणारं कंट्रोलचं चक्र) सर्व्हो निवडा, मल्टिप्लायर १. चार चॅनल पुरेत: एफ-एरर्ड हा बिट (एरर आली की १ होतो), एफ-एरर, जॉइंटचा वेल-सीएमडी (सांगितलेला वेग) आणि बोर्डाचा पॅकेट-एरर (इथरनेटचं पॅकेट हुकलं की १ होतो). मूळ बफर १६,००० सँपलचा असतो आणि तो चॅनलमध्ये वाटला जातो. चार चॅनलना साधारण ४,००० आले, म्हणजे १ मिलिसेकंदाच्या थ्रेडवर ४ सेकंद. उगाच सोळा चॅनल लावले तर हातात एकच सेकंद उरतो.

तुम्ही रोल मोडमध्ये बघताय. त्यात घटना पडद्यावरून निघून जाते. रन मोड सिंगल करा, ट्रिगर (कॅप्चर कशावर पकडायचं ते) एफ-एरर्डच्या चॅनलवर, रायझिंग (० वरून १ होताना), लेव्हल ० आणि १ च्या मधे. ट्रिगर नॉर्मल हवा, ऑटो नको. ऑटोमध्ये स्कोप वाट न बघता आपणच ट्रिगर होतो आणि एरर येईपर्यंत कॅप्चर भलत्याच वेळेचं होऊन बसतं. पोझिशनचा स्लायडर असा ठेवा की ट्रिगरच्या आधीचा भाग ८० टक्के राहील. आपल्याला एरर यायच्या आधीचे तीन सेकंद बघायचेत. मग नेहमीचा जॉब लावून द्या.

ग्राफ सापडला की एफ-एररचा आकार बघा. वेग चढताना किंवा उतरताना तो हळूहळू फुगत असेल, आणि प्रत्येक वेळी जी-कोडच्या त्याच ओळीपाशी, तर स्टेपजेनचा मॅक्स-अ‍ॅक्सेल कमी पडतोय. अक्षाच्या अ‍ॅक्सिलरेशनपेक्षा तो २५ टक्के जास्त ठेवा. पण वेग स्थिर असताना एफ-एररची एकदम उभी पायरी दिसली आणि त्याच जागी पॅकेट-एरर १ झाला, तर पॅकेट वेळेत आलं नाही. ६००० मिमी/मिनिट म्हणजे सेकंदाला १०० मिमी, तेव्हा एका हुकलेल्या पॅकेटमागे ०.१ मिमी फरक. ओळीने पाच हुकली की ०.५. आयएनआयमधला (मशीनच्या सेटिंगच्या फाइलमधला) फेरर, म्हणजे या फरकाची मर्यादा, नुसता वाढवून एरर दाबू नका, असं माझं ठाम मत आहे. पॅकेट तरीही हुकतच राहतात.

इथरनेटच्या बाजूने क्रम असा ठेवा. बोर्डासाठी वेगळा पोर्ट, मधे स्विच नको. कार्ड इंटेलचं असेल तर आयआरक्यू कोअ‍ॅलेसिंग (आलेली पॅकेट साठवून उशिरा कळवणं) शून्य करा. बायोसमध्ये सी-स्टेट्स आणि स्पीडस्टेप (प्रोसेसरची वीज वाचवणारी सेटिंग) बंद. केबल व्हीएफडीच्या (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) वायरसोबत एकाच डक्टमधून नेऊ नका. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून शिल्डेड पॅच कॉर्ड घेणार असाल तर प्लगवर धातूचं कवच आहे का ते हातात घेऊन बघा. नुसत्या पाकिटावरच्या छपाईवर जाऊ नका. पॅकेट-एरर येत नाही पण एफ-एरर सतत थरथरतो, असं असेल तर डीपीएलएलचा (बोर्डाची वेळ पीसीशी जुळवणाऱ्या भागाचा) टायमर -५० मायक्रोसेकंद करून स्टेपजेनचा टायमर-नंबर १ द्या.

एक मर्यादा लक्षात असू द्या. हॅलस्कोपला दर मिलिसेकंदाला जे हॅलमध्ये (लिनक्ससीएनसीच्या सिग्नल जोडणाऱ्या थरात) पोचतं तेवढंच दिसतं. मेसाच्या स्टेप पल्स बोर्डावरच्या एफपीजीए चिपमध्ये तयार होतात, त्या इथे दिसणारच नाहीत. लिमिट स्विचवरची काही मायक्रोसेकंदांची नॉइजही बहुधा निसटते. त्यासाठी खरा स्कोप लागतो. आणि तो व्हीएफडीच्या आउटपुटला साध्या प्रोबने कधीही लावू नका: प्रोबची क्लिप आतून अर्थला जोडलेली असते, त्यात स्कोप जातो आणि माणसालाही धोका असतो.

तुमचं वायरिंग मी बघितलेलं नाही, त्यामुळे हे सगळं पोस्टमध्ये लिहिलंय तेवढ्यावरून. कॅप्चर मिळालं की फाइल मेनूतून लॉग सेव्ह करून इथे टाका, सोबत आयएनआयचा जॉइंट ० चा भाग आणि पॅकेट-एरर-टोटलचा आकडा द्या. पुरवठादारालाही तोच लॉग पाठवा आणि ड्राइव्हचा दोष त्यात कुठे दिसतो, ते त्यांच्याकडून लेखी घ्या.