शाळेत पहिल्यांदाच संगीत नाटक बसवायचंय, गाण्यातलं काही कळत नाही. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सातवी-आठवीला मराठी शिकवता, गॅदरिंगला संगीत नाटक करायचं असं मुख्याध्यापिकांनी परस्पर जाहीर करून टाकलंय आणि तुम्हाला स्वतःला सूर लागत नाही. मी भूगोल शिकवतो. मी गुणगुणायला लागलो की घरात रेडिओचा आवाज वाढतो. तरी तीन वर्षांपूर्वी आठवी-नववीच्या मुलांकडून 'संगीत सौभद्र' करून घेतलं, ३५ मिनिटांत बसेल एवढं. तेव्हा ठेचा कुठे लागतात एवढं नक्की सांगू शकतो.

सगळ्यात आधी पेटीवाला गाठा. संहिता, कपडे, सगळं नंतर. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक काका होते, त्यांना मी हातापाया पडून आणलं. पालकांपैकी एकजण म्हणाले, कशाला त्रास, कराओके ट्रॅक लावा. नका लावू. मूल ओळ विसरलं तर ट्रॅक पुढे निघून जातो. काका दोन स्वर धरून थांबतात, ओठांनी शब्द पुरवतात, पुन्हा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून सोडतात. आमच्याकडे एका प्रयोगात हे चार वेळा झालं आणि प्रेक्षकांना पत्ता लागला नाही.

नाटक जुनं घेतलंत तर परवानगीची कटकट नाही. 'सौभद्र' १८८२ सालचं, ते लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गेले १८८५ साली. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे ते कधीच मोकळं झालंय. हयात लेखकाचं किंवा अलीकडचं काही घेणार असाल तर आधी विचारा. मूळ नाटकात शंभरावर पदं आहेत, आम्ही सात ठेवली. निवडताना मी पहिल्यांदा गाजलेलीच उचलली होती. काकांनी यादी पाहिली आणि म्हणाले, "सर, ही मोठ्यांच्या घशाची आहेत." मग साक्या आणि दिंड्या घेतल्या. त्यांची चाल ओळीओळीला फिरून तीच येते, जवळजवळ बोलल्यासारखी, मुलं एका तासात उचलतात. आणि मुलांना यूट्यूबवरची रेकॉर्डिंगं ऐकायला देऊ नका. त्यात मोठमोठ्या गवयांच्या ताना असतात, मुलं त्याच घोटत बसतात आणि मूळ पद राहतं बाजूला. काकांकडून साधी चाल फोनवर रेकॉर्ड करून घ्या, तेवढीच वर्गाच्या ग्रुपवर टाका.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. अर्जुनासाठी आठवीतला एक मुलगा जुलैत निवडला. काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून, असा मोकळा गायचा की शिपाईमामा दारात येऊन उभे राहायचे. दिवाळीची सुट्टी संपवून आला आणि पहिल्याच तालमीला वरच्या सुरावर आवाज फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. मुलं हसली, तो पेटीकडे बघत राहिला. मला वाटलं, सुट्टीत सरबतं-आइस्क्रीमं झाली असतील, म्हणून चक्क हळदीचं दूध प्यायला सांगितलं! काकांनी बाजूला घेऊन समजावलं की आवाज फुटतोय, त्याला दूध काय करणार. त्यांनी पट्टी उतरवत उतरवत काळी एकपर्यंत आणली, पण खालीही आवाज स्थिर नव्हता, कधी घोगरा तर कधी पातळ. अशा वेळी जोर लावून गाऊन घेऊ नये, घशाला त्रास होतो.

शेवटी त्याला बलराम केला. बलरामाला आरडाओरडा भरपूर, गाणं आम्ही ठेवलंच नव्हतं, आणि फाटका आवाज रागाला शोभला. अर्जुन झाली नववीतली मुलगी. एका पालकांनी नाक मुरडलं. मी म्हटलं, बालगंधर्वांची सुभद्रा चालते, तर आमचा अर्जुन का नाही? तेव्हा सातवी-आठवी-नववीतल्या मुलग्यांना गाण्याची भूमिका देताना प्रत्येकामागे एक पर्यायी गळा तयार ठेवा. पट्टीही मुलाच्या गळ्याप्रमाणे ठरवा, पुस्तकात किंवा रेकॉर्डवर काय आहे ते बघू नका. मुलगी काळी चारमध्ये आणि मुलगा काळी एकमध्ये गाणार असेल तर दोघांचं एकत्र पद घेऊच नका.

तालमी ऑफ तासाला होतात, म्हणजे अर्धी मुलं नसतात, हे गृहीत धरा. आधी पदं, मग संवाद, हालचाली शेवटी. मी उलटं केलं होतं. घटोत्कच सुभद्रेला पळवून आणतो तो प्रवेश आधी बसवला, तोही प्रयोगशाळेतल्या ट्रॉलीवर शाल टाकून. मुलांना तो इतका आवडला की पंधरा दिवस दुसरं काही करेनात.

ज्यांना काम मिळालं नाही त्या सगळ्यांना नांदीत, म्हणजे सुरुवातीच्या प्रार्थनेच्या गाण्यात, उभं करा. पालकांना मूल दिसतं आणि तेवढ्यात साउंडवाल्याचं आवाज लावणंही उरकतं.

कॉलर माइक घेऊ नका. रंगीत तालमीला संन्यासी अर्जुनाची दाढी माइकला घासून सगळ्या हॉलभर खरखर. आम्ही दुसऱ्या दिवशी पुढे दोन उभे माइक ठेवले. संगीत नाटकात पद आलं की नट पुढे येऊन गातोच, त्यामुळे विचित्र दिसलं नाही. ड्रेपरीवाल्याकडून कपडे आदल्या दिवशी आणा. मोठ्यांच्या मापाचे मुकुट कपाळावरून नाकावर येतात, आत कागदाची घडी घालावी लागते.

आणि एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा: 'वन्स मोअर' आला तर काय करायचं. आमच्या सुभद्रेच्या पदाला मागच्या रांगेतून कुणाच्या तरी आजोबांनी खणखणीत आरोळी दिली. ती गोंधळून विंगेत माझ्याकडे बघायला लागली. मी बघतोय काकांकडे. काकांनी तोवर भाता मारून सुरुवातीचे स्वर वाजवलेसुद्धा. दुसऱ्यांदा ती जास्त चांगली गायली. बक्षीस समारंभाला मात्र उशीर झाला आणि त्याबद्दल दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी बोलणी खाल्ली.