संकेश्वरला अडकलेली बस

बेळगाव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या प्रदर्शनासाठी ब्राउझरच्या एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत उडी मारणारा चेंडू करायचं ठरवलंयस, असं कळवलंस. कल्पना चांगली आहे, पण चेंडूऐवजी बस घे. बेळगाव-निपाणी बस संकेश्वरवरून जाते हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. म्हणून डावीकडे बेळगाव, मध्ये संकेश्वर, उजवीकडे निपाणी अशा तीन खिडक्या मांडल्यास की समजावून सांगायला काही उरत नाही. बस एका खिडकीच्या उजव्या कडेने बाहेर पडते आणि पुढच्या खिडकीच्या डाव्या कडेने आत येते. बघणाऱ्याला यात गंमत वाटेल. तुला मात्र त्यामागची गोष्ट दाखवायची आहे: या तीन खिडक्या म्हणजे तीन वेगळे चालणारे प्रोग्राम आहेत, त्यांना एकमेकांच्या मेमरीत हात घालता येत नाही, त्यांनी फक्त एकमेकांना निरोप धाडायचे.

निरोपासाठी ब्राउझरमधलं ब्रॉडकास्टचॅनल वापर. तिन्ही खिडक्यांनी एकाच नावाचं चॅनल उघडायचं; एकीने पाठवलेला निरोप बाकी दोघींना मिळतो, पाठवणारीला स्वतःला मिळत नाही. चॅनलचं नाव एका ठिकाणी ‘बेळगाव’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बेळगावी’ पडलं, तर कुठलीही एरर येत नाही, नुसती शांतता. आपल्याकडे २०१४ पासून दोन्ही नावं चालतात, त्यामुळे ही चूक सहज होते. चॅनलला गावाचं नाव देऊच नकोस. खिडक्यांना १, २, ३ असे क्रमांक दे आणि नावं पाटीपुरती ठेव. पाटी मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत लिही; विंडोजवरच्या निर्मला यूआय फाँटमध्ये दोन्ही लिप्या आहेत. फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत) सेव्ह कर आणि पानाच्या सुरुवातीलाच तसं जाहीर कर, नाहीतर दोन्ही भाषांच्या अक्षरांचा चिवडा होईल.

फाइलवर डबलक्लिक करून पान उघडू नकोस. तसं उघडलेल्या पानांना ब्राउझर एकाच घरचं मानेल याचा भरवसा नाही. पायथनमध्ये आयता सर्व्हर येतो, तो ८००० पोर्टवर चालू कर आणि लोकलहोस्टच्या, म्हणजे स्वतःच्याच मशीनच्या पत्त्याने पान उघड. एका खिडकीत लोकलहोस्ट आणि दुसरीत १२७.०.०.१ असं मात्र होऊ देऊ नकोस. मशीन तेच असलं तरी ब्राउझरच्या हिशेबात ती दोन वेगळी घरं आहेत, आणि निरोप घराबाहेर जात नाही. इनकॉग्निटो खिडकीचंही तसंच.

आता मुख्य भाग. विंडो-ओपन या आज्ञेने नेहमीसारखी खिडकी उघडलीस, तर दिसायला ती वेगळी असते, पण उघडणारीशी तिचं नातं राहतं आणि दोघी सहसा एकाच प्रोसेसमध्ये (चालू असलेल्या एकाच प्रोग्राममध्ये), एकाच रांगेत काम करतात. एक अडकली की सगळ्या अडकतात. विंडोज ३.१ पर्यंत साधारण असंच चालायचं: एका प्रोग्रामने ताबा सोडला नाही तर बाकीचे ताटकळत बसायचे. निरोप धाडायची सोय त्या काळीही होती, १९८७ च्या विंडोज २.० सोबत त्यासाठी डीडीई नावाची सोय आली होती. पण समोरचा मोकळा असल्याशिवाय निरोपाचा उपयोग काय? म्हणून खिडकी उघडताना ‘नोओपनर’ हा पर्याय द्यायला विसरू नकोस. त्याने नातं तुटतं आणि क्रोम सहसा वेगळी प्रोसेस देतो. रॅम कमी पडली तर तो जुनीच प्रोसेस वापरू शकतो, म्हणून शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून क्रोमचा टास्क मॅनेजर उघड आणि तिन्ही खिडक्यांचे प्रोसेस आयडी वेगळे आहेत का ते डोळ्यांनी पाहा. नोओपनर दिल्यावर खिडकीचा हवाला परत मिळत नाही, रिकामी किंमत येते. ती एरर समजू नकोस. बटण दोनदा दाबलं गेलं तर दोन निपाण्या उघडतील, तेव्हा एकदा दाबल्यावर बटण बंद करून टाक. एका क्लिकला एकच खिडकी उघडते, बाकीच्या पॉपअप ब्लॉकर अडवतो. त्यामुळे तीन गावांना तीन बटणं हवीत.

खिडक्यांची मापं आकड्यांत ठोकून बसवू नकोस. १३६६ रुंदीच्या लॅपटॉपवर प्रत्येकी ४५५ चा हिशेब बरोबर वाटतो, पण डिस्प्लेचं स्केल १२५ टक्के असेल तर ब्राउझरला रुंदी सुमारे १०९३ च दिसते आणि निपाणी पडद्याबाहेर जाते. उपलब्ध रुंदी ब्राउझरलाच विचार आणि तिला तीनने भाग.

बसची जागा दर फ्रेमला पाच पिक्सेल अशी पुढे ढकलू नकोस. निघाल्याची वेळ आणि वेग यांवरून काढ. वेळ डेट-नाऊची घे, ते सगळ्या खिडक्यांना सारखं असणारं घड्याळ. परफॉर्मन्स-नाऊचा शून्य प्रत्येक खिडकी उघडली त्या क्षणाचा असतो, त्यामुळे संकेश्वरला बस काही सेकंद आधी किंवा उशिरा पोचल्यासारखी दिसेल आणि तू तासभर डोकं खाजवत बसशील.

हद्द ओलांडायचा क्षण नीट बघ. समज, बस १२० पिक्सेल लांब आहे आणि वेग सेकंदाला १०० पिक्सेल. पुढचा बंपर बेळगावच्या उजव्या कडेला टेकला की बेळगाव एकच निरोप धाडते: फेरी क्रमांक ८, आता मालक खिडकी २, निघाल्याची वेळ अमुक. पुढचे १.२ सेकंद दोन्ही खिडक्या बसचं चित्र काढतात, एक शेपूट आणि दुसरी तोंड. ड्रायव्हर, मागची खिडकी, टपावरची पोती, सगळं या काठावरून त्या काठावर सरकताना दिसतं. काढणाऱ्या दोघी असल्या तरी मालक एकच. थांबायचं कधी, पुढे सोडायचं कधी, हे फक्त मालक ठरवणार. हा नियम कोडमध्ये एकाच जागी लिही. तो दोन जागी लिहिला गेला की पहिल्या दिवशीच दोन बसा धावायला लागतात.

आणि एक लाल बटण ठेव: ‘संकेश्वरला ट्रॅफिक जॅम’. ते दाबलं की मधली खिडकी पाच सेकंद रिकामं लूप फिरवत राहील. बेळगावमधलं घड्याळ आणि निपाणीतलं झाड हलत राहिलं पाहिजे, म्हणजे वेगळ्या प्रोसेसचा पुरावा सगळ्यांना दिसेल. बेळगावहून सोडलेली बस हद्दीत शिरेल, पण संकेश्वर तिला काढणार नाही. या काळात बेळगावमध्ये हॉर्नचं बटण सात वेळा दाब. जॅम सुटताच सातही हॉर्न एका झटक्यात मोजले जातात: निरोप हरवले नव्हते, रांगेत उभे होते. मल्टिटास्किंग शिकवणारं यापेक्षा सोपं चित्र मला माहीत नाही.

याच ठिकाणी सर्वांत अवघड प्रश्न येतो. बस मिळाल्याची संकेश्वरची पोच आली नाही, तर खिडकी बंद झाली की नुसती अडकलीय? बेळगावला बाहेरून ते कळायला मार्ग नाही. तीन सेकंद वाट पाहून बेळगावने बस परत घेतली आणि पाचव्या सेकंदाला संकेश्वर जागी झाली, तर तीही जुना निरोप वाचून बस चालवायला घेते. उपाय फेरी क्रमांकाचा. परत घेताना बेळगाव क्रमांक ९ करून तसं जाहीर करते. जागी झालेली संकेश्वर आधी ८ वाचते, लगेच ९ वाचते आणि हक्क सोडते. तिने ८ ची पोच पाठवलीच, तर बेळगाव ती बाजूला टाकते. मोठा क्रमांक खरा, लहान फेकून द्यायचा. क्षणभर दोन बसा चमकून जातील. ते लपवू नकोस, बोट ठेवून दाखव. परीक्षक त्याच्यावरच प्रश्न विचारतील.

पोचेची वाट पाहायचा वेळ तीन सेकंदांपेक्षा कमी मात्र ठेवू नकोस. झाकलेल्या खिडकीतले टायमर ब्राउझर सहसा सेकंदाला एकदाच, कधी त्याहूनही कमी वेळा चालवतो आणि चित्र काढणं पूर्ण थांबवतो. म्हणून बस पुढे सोडायचं काम चित्राच्या फ्रेमवर टाकू नकोस, वेगळा टायमर लाव. खिडकी बंद होताना ‘बस परत’ असा निरोप पाठवायला हरकत नाही, पण तो पोचेलच असं धरून चालू नकोस.

प्रदर्शनाच्या टेबलावर लॅपटॉप चार्जरला लावून ठेव, झूम १०० टक्के कर, आणि येणाऱ्या पोरांना माउस हातात दे. कुणीतरी मधली खिडकी बंद करेलच. तेव्हा तीन सेकंद थांब आणि बस बेळगावला परत येते का ते त्यांच्याबरोबर बघ.

तुझा,
काका