स्पिटफायरचा किट: जोडण्याआधी काय बघशील

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मॉडेलचा डबा उघडल्या उघडल्या गोंद घेऊ नकोस, आधी पट्टी घे. साध्या लंबवर्तुळाकार पंखांच्या स्पिटफायरचा पंखविस्तार ११.२३ मीटर, म्हणजे १/७२ प्रमाणातल्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मॉडेलमध्ये साधारण १५६ मिलिमीटर. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे चालतो. मग पंखांची खालची बाजू बघ, खरी ओळख तिथेच पटते. मार्क ५ या आवृत्तीला एका पंखाखाली मोठा रेडिएटर, दुसऱ्याखाली लहानसा ऑइल कूलर. मार्क ९ ला दोन्हीकडे सारख्याच आकाराच्या पेट्या आणि चार पात्यांचा प्रोपेलर. चित्र एकाचं, भाग दुसऱ्याचे असा किट माझ्या हाती आलाय, फार वाईट वाटलं होतं. धडाचे दोन्ही अर्धे टेपने धरून पंख नुसते बसवून पाहा. मुळाशी फट दिसली तर पुट्टी लागणार. कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरचं पारदर्शक झाकण, मात्र उजेडात नीट तपास, तडा बुजत नाही.